कडू नसलेला कुडा

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. ‘कुड्याचे औषधी उपयोग, बायकांना घरच्या घरी करता येतील असे, हलक्याफुलक्या भाषेत लिहून पाठवा.’ पत्र दोनदा वाचलं. बेळगावात एका काष्ठौषधींच्या दुकानात मी सोळा वर्षं औषधं कुटली. सगळ्यात जास्त कुटला तो कुडाच. पण त्याच्यावर हलकंफुलकं लिहायला मला जमायचं नाही. त्याची आठवण आली की अजून कपाळाची शीर उडते.

उपयोग आधीच सांगून टाकते. ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी पुढं वाचू नये.

कुड्याची साल आंवेवर चालते. साधी आंव, रक्ती आंव, जुनी हगवण, मुरडा. साल ताकात उगाळून देतात, नाहीतर ठेचून काढा करतात. मुळाची साल खोडाच्या सालीपेक्षा जोरकस. शेंगेतलं बी म्हणजे कडू इंद्रजव, ते जंतांवर आणि तापावर देतात. पांढरी फुलं येतात त्यांची कणकुंबीकडं भाजी करतात, कांदा घालून, आणि ती पोटाला चांगली. एवढेच उपयोग. आता गावोगाव दवाखाने झालेत. रक्त पडत असेल तर आधी तिकडं जा, माझा लेख वाचत बसू नका.

आता माझं सांगते.

मी खानापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं लग्न झालं आणि विसाव्या वर्षी नवरा प्लेगात गेला. दिरांच्या घरात माझी अडचण व्हायला लागली तेव्हा मी बेळगावात आले आणि ह्या दुकानात लागले. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकाला आम्ही सावकार म्हणायचो. आमच्याकडं कुठल्याही मोठ्या दुकानदाराला सावकारच म्हणतात. पुढं दुकान, मागं अंगण, अंगणात पत्र्याखाली दगडी उखळं. तिथं आम्ही दोघी. मी आणि गोकाककडची चंद्रव्वा. तिला मराठी कामापुरतं यायचं, मला कन्नड कामापुरतं, त्यामुळं आमचं भांडण कधी झालं नाही.

कुटणं म्हणजे नुसतं मुसळ हाणणं नव्हे. आधी माल निवडायचा, माती-काड्या काढायच्या, उन्हात कडकडीत वाळवायचा. मग कुटायचा, चाळायचा, उरलेलं जाडं परत उखळात. शेवटी धोतराच्या फडक्यातून गाळायचं. ते चूर्ण चिमटीत धरलं तर रेशमासारखं लागलं पाहिजे. तोंडाला पदर बांधला तरी धूळ आत जायचीच. मिरी-पिंपळीच्या दिवशी डोळ्यांतून पाणी, सुंठीच्या दिवशी शिंका. आणि कुड्याच्या दिवशी सगळं कडू. ओठ कडू, थुंकी कडू. दुपारी भाकरी सोडली की पहिला घास कडू आणि शेवटचाही कडू. हात राखेनं घासले तरी जायचं नाही ते. मी म्हणायचे, “चंद्रव्वा, आज घरी जाऊन गूळ खा.” ती म्हणायची, “गूळ बी कडूच होतोय, आक्का.”

साल यायची कणकुंबीच्या जंगलातून. ती आणणारी रुक्मा, चाळिशीची काटक बाई. जांबोटीपर्यंत चालत आणि तिथून गाडीनं असा तिचा दोन दिवसांचा रस्ता. मी झाड ओळखायला शिकले ते तिच्याकडून. एकदा चार दिवस तिच्याबरोबर जंगलात गेले होते. तिनं एक फांदी मोडली, पांढरा चीक आला. साल काढून माझ्या जिभेवर ठेवली. मी थुंकले.

“थुकू नगो, पार्वताक्का,” ती म्हणाली. “कडू सोसलंस तर वळखशील. ह्याच्यावानी दिसनारं दुसरं झाड हाय. काळा कुडा. त्येचीबी फुलं पांढरी, चीकबी पांढरा. पन त्येच्या जोडशेंगांची टोकं येकमेकांना चिकटलेली असत्यात, ह्येची मोकळी. त्येचं पान वाळलं की काळंनिळं पडतंय. आनि साल चावली तर नुसती लाकडासारखी. कडूच न्हाय.”

“मग ती कशाला चालती?”

“आंवेला? कशालाच न्हाय.”

रुक्मा झाडाची साल एकाच बाजूनं काढायची, हातभर. बाकीचं झाड तसंच ठेवायची. वर्षा-दोन वर्षांत जखम भरून यायची. तिच्या आईनं साल काढलेली झाडं तिनं मला दाखवली. ती उभी होती, फुलांनी भरलेली.

आमच्या चूर्णाचं नाव लष्करी कॅम्पापर्यंत गेलं होतं. तिथल्या एका गोऱ्या साहेबाचा खानसामा होता, नाव कासिमभाई. साहेबाला आंव धरली की हा चहाचा रिकामा डबा घेऊन यायचा आणि त्यात कुड्याचं चूर्ण भरून न्यायचा. डबा चहाचा का, तर मेसमधल्या बाकीच्या साहेबांना कळू नये म्हणून. दवाखान्यातल्या सुया घेऊन साहेब हैराण झालेला. पण झाडपाल्यानं बरा होतो हे सांगायची त्याला लाज. मला ह्याची फार मजा वाटायची. माझ्या उखळातली पूड लाटसाहेबाच्या पोटात जाते आणि तो ती चोरून खातो! मी कासिमभाईच्या डब्यात नेहमी वरचं, सगळ्यात बारीक गाळलेलं भरायचे.

मग निपाणीकडून, संकेश्वराकडून मागणी वाढली. दुकानाच्या शिक्क्याच्या पुड्या तिकडच्या दुकानांतून विकायला जायला लागल्या. रुक्मा आणायची तेवढी साल पुरेना. एका उन्हाळ्याच्या अखेरीस दुकानाच्या दारात बैलगाडी येऊन थांबली, सालीच्या पोत्यांनी गच्च भरलेली. गाडीवान म्हणाला, माल काकतीच्या बाजूच्या टेकड्यांवरचा आहे. तो एका दिवसात आला होता. साल पातळ, तांबूस, गुळगुळीत. मुळापासून शेंड्यापर्यंत झाडं सोलून काढलेली. एवढ्या लांब पट्ट्या जिवंत सोडलेल्या झाडाच्या नसतात.

आम्ही ती निवडली, वाळवली, कुटली. दुपारी भाकरी सोडली. मी एक घास खाल्ला आणि थांबले. चंद्रव्वाही थांबली होती.

“कही इल्ल,” ती म्हणाली. कडू नाही.

ज्वारीची भाकरी मला गोड लागत होती. मी हातातला तुकडा तसाच ठेवला आणि पुढं दुकानात गेले. सावकार गादीवर बसले होते.

“सावकार, हा कुडा न्हवं. काळा कुडा हाय ह्यो.”

“कुडाच हाय की मग. काळा काय नि पांढरा काय.”

“ह्येला कडवटपणा न्हाय. आंवेला चालणार न्हाय ह्यो.”

त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “पार्वताक्का, तुझं काम कुटायचं. बघायचं काम माझं. जमत नसंल तर सांग, कुटायला बायका लई मिळत्यात.”

आणि मी म्हणाले, “बरं.”

हा शब्द मी लपवू शकले असते. लोकांनी लिहिलेल्या आठवणींत ते नेहमी वेळेवर ताडकन बोललेले असतात. मी नाही बोलले. भाड्याची खोली होती, परत दिरांच्या दारात जायचं नव्हतं. मी मागं गेले आणि गोड भाकरी संपवली.

पुढच्या आठवड्यात रुक्मा भारा घेऊन आली. सावकारांनी तिला पायरीवरूनच परत पाठवलं. “आता माल नको,” एवढंच. ती अंगणाच्या मागच्या दाराशी येऊन मला म्हणाली, “माझ्या सालीला काय झालं गं?” मी म्हणाले, “काय न्हाय झालं.” आणि उखळाकडं वळले.

त्यानंतर कासिमभाई आला. त्यानं चहाचा डबा फळीवर आपटला. “ये क्या भूसा दिया? चार दिन से साहब वैसाइच पड़ा है. मैंने खुद चख्या, कडवा नहीं है.” सावकार हसून म्हणाले, “ह्या वर्षीचा माल जरा सौम्य आहे.” मी दाराआड उभी होते. कासिमभाईनं मला पाहिलं. तो डबा तिथंच टाकून गेला. नंतर कळलं, साहेबानं कॅम्पातल्या डॉक्टरला सगळं सांगितलं आणि डॉक्टर म्हणाला, ह्या देशी सालीत काही नसतंच, हे मी आधीपासून सांगतोय. मला त्या डॉक्टरचा राग आला नाही. त्याच्या हातात पडलेल्या सालीत खरंच काही नव्हतं. मला राग ह्याचा आला, की शेकडो वर्षं माणसं वाचवत आलेलं झाड एका गाडीभर सोललेल्या लाकडापायी खोटं ठरलं. पण तो राग मी उखळातच कुटत राहिले. असे तीन आठवडे गेले. तीन आठवडे मी जाणूनबुजून तो माल कुटला, गाळला, पुड्यांत बांधला.

आषाढात निपाणीहून निरोप आला. माझी धाकटी बहीण गोदू तिथं तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिचा नवरा मारुती वखारीतच हमाल. गोदूला रक्ती आंव लागली होती, ताबडतोब ये म्हणून निरोप. मी सर्व्हिस मोटारीनं गेले. वखारीच्या मागं कामगारांच्या खोल्यांची रांग होती आणि सगळ्यांना मिळून एक विहीर. पावसाचं लाल पाणी त्या विहिरीत उतरत होतं. निम्म्या खोल्यांत माणसं पोट धरून पडलेली.

गोदूचे डोळे आत गेले होते. मी विचारलं, “औषध काय देताय?”

मारुती म्हणाला, “चांगलं देतोय आक्का, तुमच्या दुकानाचंच. सहा दिस झालं. शेजारच्या शेवंताबी त्येच घेती. आमी सगळ्यांनी त्येच आणलंय, तुमचं म्हनून.”

कोनाड्यात पुडी होती. आमच्या शिक्क्याची. बांधणी माझ्या हातची. पुडीचं टोक आत दोनदा मुडपायची सवय माझीच. मी बोट बुडवून जिभेला लावलं. रेशमासारखं बारीक. चव काहीच नाही.

मारुती विचारत होता, काय झालं, आक्का? मी म्हणाले, “कोयता घे आणि माझ्यासंगं चल.”

आम्ही तवंदीच्या घाटाकडं गेलो. पाऊस पडत होता, चिखलानं पाय घसरत होते. कुड्यासारखी पहिली दोन झाडं दिसली ती काळ्या कुड्याची निघाली. मारुती म्हणाला, “ह्येच की, आक्का.” मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की तो मागं सरला. तिसऱ्या झाडाच्या जोडशेंगांची टोकं मोकळी होती. साल चावली आणि तोंड वाकडं झालं. त्या उतारावर बसून मी ती साल चावत राहिले. कडू एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मूळ थोडं उघडं करून एका बाजूची साल काढली, बाकीचं मातीनं झाकलं. सवय होती.

परत येऊन साल ठेचली, काढा आटवला. दोघींनाही दिला, गोदूला आणि शेवंताला. उकळलेलं पाणी प्यायला दिलं. दुसऱ्या एका शेजारणीनं ताक आणून दिलं, त्यात साल उगाळून दिली. तिसऱ्या दिवशी गोदूचं रक्त थांबलं. पाचव्या दिवशी तिनं मऊ भात मागितला.

शेवंता तोपर्यंत राहिली नव्हती. ती गोदूपेक्षा आधी आजारी पडली होती, नऊ दिवस आमची पूड घेत होती. माझा काढा तिच्या पोटात दोनदाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वय तिसाच्या आतलं. वखारीत तंबाखू चाळणारी, हसरी बाई होती असं गोदू सांगते. मी तिला हसताना पाहिलं नाही. गोदू पडायच्या आधीच मारुती तिला सरकारी दवाखान्यात न्यायला निघाला होता. तिच्याच घरच्यांनी थांबवलं. का, तर बेळगावचं खात्रीचं औषध चालू आहे, गुण येईलच.

मी बेळगावला परत आले ती मोटारीतून उतरून सरळ दुकानात. बाजाराचा दिवस होता, फळीपाशी गिऱ्हाइकं उभी होती. आमच्या दुकानातून औषधं नेणारे आप्पा वैद्यही बसले होते. सगळ्या शहरात त्यांना मान. मी पदरातून तवंदीची साल काढून फळीवर ठेवली, आतल्या पोत्यातली साल आणून तिच्याशेजारी ठेवली.

“सावकार, दोन्ही चावून बघा.”

“पार्वताक्का, हे काय चालवलंयस?”

“चावा. निपाणीत बाई मेली ही पूड खाऊन.”

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. सावकार सालीला हात लावेनात. तेव्हा आप्पा वैद्यांनी तवंदीचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकले. मग पोत्यातला टाकला. तो मात्र चावत राहिले. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. त्यांना कळलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ते म्हणाले, “पार्वतीबाई, जरा दमानं घ्या. शास्त्रात कुटजाचे दोन भेद सांगितले आहेत, स्त्री आणि पुरुष. दोन्हीला कुडाच म्हणतात.”

“शास्त्रात असू दे. तुमच्या सुनेला आंव झाली तर ह्यातला कुठला देताय, तेवढं सांगा.”

ते उठले, टोपी घातली आणि गेले. सावकार म्हणाले, “आंवेनं माणसं मरतातच. कुटणारणीला काय कळतंय त्यातलं.” गिऱ्हाइकं हळूहळू पुन्हा आपापला माल मागायला लागली. एकानं तर माझ्यासमोर तीच पुडी मागितली. त्याचं काही चुकलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं दुकान एका बाजूला आणि पदरातून साल काढणारी बाई दुसऱ्या बाजूला. कोणावर विश्वास ठेवणार? मी मागून मुसळ आणून फळीवर ठेवलं आणि बाहेर पडले. चंद्रव्वा माझ्या मागोमाग आली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.

त्या दुकानाचं पुढं काय झालं ह्याची वाचकांना उत्सुकता असेल. काही झालं नाही. दुकान वाढलं. सावकार पुढं मोठे झाले, सभांमधून आयुर्वेदाच्या थोरवीवर भाषणं द्यायला लागले. लोक टाळ्या वाजवायचे. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं. बोलायचे छान.

मी रुक्माला शोधत कणकुंबीला गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “चल, साल काढायची हाय.” पुढची बारा-तेरा वर्षं, स्वराज्य येईपर्यंत, मी आणि चंद्रव्वानं तिची साल बेळगावच्या बाजारात बसून विकली. अख्खी साल. चूर्ण मी पुन्हा कधी विकलं नाही. पूड झाली की खरं-खोटं एकच दिसतं. गिऱ्हाईक आलं की आधी तुकडा चावायला लावायचा. बायका शिव्या द्यायच्या, थुंकायच्या आणि साल घेऊन जायच्या. आप्पा वैद्यांच्या घरून एकदा त्यांची मोलकरीण आली, सुनेसाठी साल हवी म्हणून. मी दिली. त्या सुनेचा काय गुन्हा? पण वैद्यांनी जाहीरपणे एक शब्द कधी काढला नाही. सावकाराचा मला राग आहेच, पण चव कळूनही गप्प बसलेल्या त्या माणसाचा जास्त आहे. तिथं मग माझंही नाव येतं, हे मला ठाऊक आहे.

म्हणून मी त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर निपाणीला गेले. शेवंताच्या घरी. तिची सासू बायजाआत्ती दारात तंबाखूची पानं निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. साल कुठून आली, मला कधी कळलं, मी काय म्हणाले, किती दिवस कुटली.

ती पानं निवडत राहिली. दोन पानं बाजूला ठेवली आणि म्हणाली, “तुला ठावं हुतं.”

“व्हय, आत्ती.”

“आनि तू कुटलंस.”

“व्हय.”

मला वाटलं ती मारेल. तिनं मारलं असतं तर मी हात धरला नसता. तिनं पदराला हात पुसला आणि माझ्यापुढं धरला. “खरा कसा असतोय त्यो? दाव मला.”

मी पिशवीतून रुक्माच्या सालीचा तुकडा काढून दिला. तिनं तो दाढेखाली धरला. मी थुंकायची वाट बघत होते. ती थुंकली नाही. तोंड मिटून चावत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं तरी चावत राहिली. मग तुकडा हातावर काढला आणि त्याच्याकडं बघत म्हणाली,

“एवढं कडू असतंय व्हय! शेवंता रोज म्हनायची, आत्ती, औषध बरं हाय, कडू लागत न्हाय. मी म्हटलं, चांगलं झालं, निदान तेवढा तरी तरास न्हाय पोरीला.”